पडेल तो गिअर

आमची गाडी चोरीला जाईल अशी भीती मला कधीच वाटली नाही. रात्री मी ती बिनधास्त रस्त्यावर उभी करतो. काचा वर करायला विसरलो तरी झोपेत व्यत्यय येत नाही. ती पळवायला आलेला चोर पळवून नेईल कशी? हल्लीच्या चोरांचं वय असेल वीस-पंचवीस, आणि त्यांनी गिअरचा दांडा पाहिलेला असतो तो दोन सीटच्या मध्ये, जमिनीतून उगवलेला. आमच्या गाडीत तिथे काहीच नाही. आहे ते पायपुसणं.

एकदा एका मंगल कार्यालयाच्या दारात गाड्या लावून देणारा मुलगा होता. त्याने मोठ्या रुबाबात माझ्याकडून किल्ली घेतली आणि तो आत जाऊन बसला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. गाडी जागची हलेना. शेवटी तो बाहेर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, गिअर काढून घरी ठेवून आलात का?"

तर अशी आमची गाडी. प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. गिअर स्टिअरिंगला, डाव्या हाताला. फियाटची ही ११०० जातीची गाडी आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. तो कारखाना वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीचा. १९७४च्या सुमारास गाडीचं बारसं होऊन ती 'पद्मिनी' झाली. पण आमच्या अण्णांनी तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटलं. सुनेचं माहेरचं नावच तोंडात बसावं, तसं.

अण्णा वकील होते. त्या काळी पैसे खिशात असले म्हणून गाडी मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. अण्णांनी नाव नोंदवलं तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. गाडी दारात आली तेव्हा मला मिशी फुटली होती. आईने गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. वाड्यातली झाडून सगळी माणसं बघायला जमली आणि मग सगळीच्या सगळी आत बसली. पुढच्या सीटवर तिघं आणि मागे पाच, शिवाय मांडीवर बसलेली वेगळी. गिअर स्टिअरिंगवर नेण्याचा मूळ फायदाच तो. पुढची जागा मोकळी राहते आणि सलग बाकावर मधला माणूस आरामात बसतो. आमच्या घरात मधला माणूस नेहमीच असायचा.

अण्णांनी मला गाडी शिकवली ती भल्या पहाटे, गणेशखिंडीच्या रस्त्यावर. तेव्हा तिथे पहाटे माणूस दिसत नसे. आज तिथे पहाटेसुद्धा माणूसच दिसतो, रस्ता दिसत नाही.

घरात अण्णांचं माझ्याशी बोलणं फार थोडं. "जेवलास का" आणि "परीक्षा कधी" ही दोन वाक्यं. गाडीत मात्र ते शेजारी बसायचे आणि गिअरवरच्या माझ्या डाव्या हातावर स्वतःचा हात ठेवायचे. आधी दांडा आपल्याकडे ओढायचा की पलीकडे लोटायचा, यावरून गिअरची जोडी ठरते. मग वर की खाली, यावरून त्या जोडीतला गिअर ठरतो. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय तो टाकायचा नाही. घाई केलीत तर आतून असा आवाज येतो की, गाडीच्या पोटात कोणीतरी फुटाणे दळतंय असं वाटावं. दुसरा, तिसरा, चौथा त्या मानाने समजूतदार.

मी एकोणीस वर्षांचा. सगळ्या गोष्टी मुठीत धरून ढकलण्याचं वय. मी दांडा आवळून धरायचो. अण्णा म्हणायचे, "मूठ सोड. दोन बोटं पुरेत. आणि मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांब. उलटतपासणीत साक्षीदाराला दम दिला की तो गप्प बसतो. हळू विचारलं की बोलतो."

मी हो म्हणायचो आणि मूठ आवळायचो.

अण्णा २००४ साली गेले आणि गाडी माझ्याकडे आली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, विकून टाका." ही म्हणाली, "विकून टाका." विकत घेणाराही म्हणाला, "विकून टाका." मी विकली नाही. का विकली नाही, ते मला नीट सांगता यायचं नाही. एवढंच सांगतो, की अण्णांच्या हाताला घासून त्या दांड्याची मूठ गुळगुळीत झाली होती, आणि भंगारवाल्याच्या यादीत मुठीचा वेगळा भाव नव्हता.

पुढे हळूहळू गिअरला आजार जडला. प्रथम दुसरा पडेना. तो पडायला लागला तर तिसरा पडेना. दांडा सैल झाला. न्यूट्रलमध्ये असताना तो बोटभर हलायचा, मग चार बोटं, मग वीतभर. लग्नाच्या वरातीत जरा जास्त झालेला पाहुणा हलतो तसा. मी त्यावर उपाय शोधले. दुसरा हवा असेल तर आधी तिसऱ्याच्या दिशेने हूल द्यायची. चौथ्यातून तिसरा घेताना दांडा थोडा उचलायचा, मनगटाला हिसका द्यायचा आणि खांदा पाडायचा. रिव्हर्ससाठी तर दांडा पार टोकाला नेऊन, जीभ दातात धरून, डाव्या कोपराने हिला सावध करून जो जोर लावायचा, त्यात माझी पाठ दोनदा धरली. एकूण गाडी चालवताना मी बाहेरून बघणाऱ्याला लेझीम खेळत असल्यासारखा दिसत असे.

ही म्हणायची, "मामंजींचा स्वभाव आलाय गाडीत. स्वतः सांगायचं नाही, दुसऱ्याने ओळखायचं."

मला ते पटायचं. किंबहुना आवडायचंच. हा सगळा खेळ अण्णांच्या हाताने पडलेला आहे आणि तो फक्त मलाच कळतो, या समजुतीत मी वीस वर्षं काढली. कोणी मिस्त्रीला दाखवा म्हटलं की मी हसायचो. वडिलांचा स्वभाव काय मिस्त्रीकडून दुरुस्त करून घ्यायचा असतो?

हा माझा वेदान्त २०२४च्या उन्हाळ्यात अलका टॉकीजच्या चौकात संपला.

मुलीचे सासू-सासरे दादरहून आले होते. त्यांना टिळक स्मारक मंदिरात नाटकाला न्यायचं ठरलं. रिक्षाने जाऊ, असं ही म्हणत होती. पण व्याह्यांना आपली गाडी दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. कर्वे रस्त्यापासून लकडी पुलापर्यंत गाडी सुरेख आली. विहीणबाईंनी "अगदी जुन्या टॅक्सीत बसल्यासारखं वाटतंय हो" असा अभिप्राय दिला. तो मी कौतुक म्हणून घेतला. पूल ओलांडून चौकात आलो आणि सिग्नल लाल झाला. गाडी झेब्राच्या पट्ट्यांवर हातभर पुढे गेली होती. पोलिसाने हाताने खूण केली : मागे घ्या.

आता पुण्यात झेब्राच्या पट्ट्यांवर उभं राहिलं म्हणून कोणी गाडी मागे घेत नाही. पण शेजारी व्याही बसलेले. मी कायद्याचा मान राखायचं ठरवलं. मागे मोकळी जागा होती. मी दांडा टोकाला नेला, जीभ दातात धरली, हिला कोपराने सावध करायला गेलो तर ते कोपर व्याह्यांना लागलं, आणि रिव्हर्स पडला. गाडी हातभर मागे आली. सिग्नल हिरवा झाला.

आणि रिव्हर्स निघेना.

मी ओढलं, लोटलं, हूल दिली, खांदा पाडला. काही नाही. पुढे टिळक रस्ता मोकळा पसरलेला, आणि आमची गाडी पुढे सोडून कुठेही जायला तयार. मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पोलीस आला.

"काका, गाडी बाजूला घ्या."

"गिअर अडकलाय."

"मग न्यूट्रल करा की."

"न्यूट्रल झाला असता तर अडकलाय कशाला म्हटलं असतं?"

"कुठला अडकलाय?"

"तुम्ही सांगितलेला."

तोपर्यंत चौकातली मंडळी जमली. पुण्यात बंद पडलेल्या गाडीला हात लावणारे मोजके, पण मत देणारे भरपूर. एक गृहस्थ म्हणाले, "पेट्रोल आहे का बघा." दुसरे म्हणाले, "अशा गाड्यांना गावात बंदीच पाहिजे." तिसऱ्यांनी ही गाडी त्यांच्या काकांकडे होती असं सांगून काकांचा सबंध वृत्तान्त व्याह्यांना ऐकवला. एकाने तर खिडकीतून डोकं आत घालून गाडी विकायची आहे का, असं विचारलं. त्या क्षणी ही इतक्या पटकन "हो" म्हणाली की मला वाईट वाटलं.

एवढ्यात एका रिक्षातून एक वयस्कर रिक्षावाला उतरला. खाकी सदरा, पांढऱ्या मिशा. त्याने कोणाला काही विचारलं नाही. मला क्लच दाबून धरायला सांगितलं, बॉनेट उघडलं, स्टिअरिंगचा कॉलम खाली उतरतो तिथे हात घातला आणि काहीतरी हलवलं. 'टक्' असा आवाज आला. दांडा मुकाट्याने मध्ये येऊन बसला.

"बुश गेलेत साहेब," रुमालाने हात पुसत तो म्हणाला. "तीस वर्षं मुंबईला हीच चालवली. दादर ते कुलाबा."

विहीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माहेरचं माणूस भेटलं.

नाटकाचा पहिला अंक आमच्याविनाच झाला. मध्यंतरात बटाटेवडा खाताना ही म्हणाली, "नोंदणीचं काय आहे पुढच्या महिन्यात?" आणि माझा वडा घशात अडकला, रिव्हर्ससारखाच. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९७९ पासून हिशेब केला तर २०२४. म्हणजे गाडी परिवहन कार्यालयात न्यायची, पर्यावरणाचा कर भरायचा आणि निरीक्षकासमोर ती चालवून दाखवायची. गिअर अडकला तर गाडी नापास. चार लोकांत ऐट मिरवायची तर 'विंटेज' हा शिक्का असतो. पण २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमची पंचेचाळिशीची. म्हणजे ना तरुण, ना वृद्ध. सवलत कुठलीच नाही, फक्त तपासणी. मला तिची अवस्था फार जवळची वाटली.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेलो. तिथे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघताना हलवतात तशी.

"आधी का नाही आणली साहेब?"

"वडिलांच्या हाताची आहे," मी म्हणालो.

"असेल. पण बुश कुणाच्याच हाताचं ऐकत नाही."

मग त्यांनी मला वाकवून सगळं दाखवलं. दांडा कॉलमच्या बाजूने खाली उतरतो. खाली दोन हात आहेत आणि त्यांना जोडलेल्या दोन सळया. एक सळई जोडी निवडते, दुसरी गिअर टाकते. प्रत्येक सांध्यात सुपारीएवढं बुश. ते झिजलं की सांधा सैल. एका सांध्यात ढिलाई केसभर, पण सगळ्या सांध्यांची मिळून वर दांड्याच्या टोकाला वीतभर होते. मग वरून तुम्ही तिसऱ्याला हाक मारता आणि खाली भलताच ओ देतो. सरकारी कचेरीत अर्ज वरून खाली येताना होतं, तसंच. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. बुश हे झिजण्यासाठीच असतं, आणि वेळेवर बदलण्यासाठी.

"मग बदला की."

"मिळतंय कुठं?" चाचा म्हणाले. "मुंबईच्या टॅक्सी होत्या तोवर पार्ट पानाच्या ठेल्यावरसुद्धा मिळाला असता."

ते खरं होतं. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली, आणि टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. पेपरात तिचे फोटो आले, लोकांनी उसासे टाकले, मीही टाकला. पण तिच्याबरोबर आमची बुशं गेली, हे मला चाचांकडे कळलं. माणूस रस्त्यावर एकटा पडतो म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

चाचांनी जुनी बुशं काढली, त्यांच्या मापावरून शेजारच्या लेथवाल्याकडून नायलॉनची नवी करून घेतली. दोन दिवस लागले. जुनी पाच बुशं त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिली. लंबगोल झाली होती बिचारी.

"एका बाजूनंच खाल्लीत," चाचा म्हणाले. "कोणीतरी फार जोर लावतं."

मी पुडी खिशात घातली आणि गाडी बाहेर काढली.

आणि मला गाडी चालवता येईना! दांडा आता जागच्या जागी, ताठ. मी सवयीने हूल दिली की भलताच गिअर पडायचा. मनगटाला हिसका दिला की गाडी हिसका द्यायची. वीस वर्षं लेझीम खेळलेल्या माणसाला एकदम सावधानमध्ये उभं केलं तर दुसरं काय होणार? नाना पेठ ते कोथरूड या प्रवासात गाडी सात वेळा बंद पडली. घरी आल्यावर ही म्हणाली, "दुरुस्तीला किती झाले?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "यापेक्षा बिघडलेली फुकट चालत होती."

तपासणीच्या दिवशी निरीक्षक म्हणून समोर आला तो तिशीच्या आतला मुलगा. दार उघडून त्याने सवयीने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दांडा दाखवला. तो हसला. "हे वायपरचं नाही होय? सर, मग तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो."

तो शेजारी बसला. ब्रेक झाले, दिवे झाले, पुढे एक फेरी झाली. त्यात मी तिसऱ्याऐवजी एकदा काय टाकलं ते मलाही कळलं नाही. गाडी बेडकासारखी उडी मारून पुढे गेली. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "आता मागे घ्या."

रिव्हर्स! मला अलका टॉकीजचा चौक दिसायला लागला. मी मूठ आवळली, जीभ दातात धरली, दांडा टोकाला नेला आणि जोर लावला. गाडी पुढे गेली.

"मागे म्हटलं, सर."

"हो, हो."

पुन्हा तेच. आता भिंत दोन हातांवर होती. माझ्या तळहाताला घाम आला. निरीक्षकाने पेन उचललं. मला वाटलं, संपलं. अण्णांची गाडी पंचेचाळीस वर्षांनी माझ्या हातून भंगारात जाणार. आणि काय झालं कोण जाणे, घाम पुसायला म्हणून मी मूठ सोडली. नुसती दोन बोटं दांड्यावर राहिली. न्यूट्रलला क्षणभर थांबलो. मग हळूच विचारलं.

रिव्हर्स पडला. लोण्यात सुरी जावी तसा. आवाज नाही, हिसका नाही.

गाडी मागे घेता घेता माझ्या ध्यानात आलं, की गणेशखिंडीच्या रस्त्यावर १९७९ साली दांडा नेमका असाच होता. असाच ताठ, असाच हलका. अण्णांनी पंचवीस वर्षं तो दोन बोटांनी चालवला आणि तसाच माझ्या स्वाधीन केला. तो वीतभर खेळ, ती हूल, तो खांदा, यांतलं काही त्यांचं नव्हतं. सगळं माझ्या मुठीचं. आणि मी मात्र वीस वर्षं लोकांना सांगत होतो, "वडिलांचा स्वभाव आहे गाडीत!"

निरीक्षकाने सही केली. उतरताना म्हणाला, "सर, मी एकदा टाकून बघू का?" तो माझ्या जागेवर बसला आणि त्याने दांडा मुठीत गच्च धरला. माझा हात आपोआप त्याच्या हातावर गेला.

"मूठ सोडा," मी म्हणालो. "दोन बोटं पुरेत."

आता २०२९ पर्यंत काळजी नाही. तोवर गाडी पन्नाशीची होईल आणि मी सत्तरीच्या उंबरठ्यावर. तेव्हा तपासणी कोणाची करायची ते सरकारने ठरवावं.

ती झिजलेली पाच बुशं मात्र मी टाकली नाहीत. अण्णांच्या पानाच्या डब्यात ठेवून दिली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. परवा जेवण झाल्यावर मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो. आतून बराच वेळ कटकट असा आवाज येत होता. जाऊन बघतो तर ही अडकित्ता घेऊन बसलेली. पानाचा डबा उघडा, आणि अडकित्त्याच्या पात्यात आमचं दुसऱ्या गिअरचं बुश.

"कुठून आणलीत ही सुपारी?" ती वैतागून म्हणाली. "केव्हाची जोर लावतेय. फुटेल तर शपथ!"